एका मताला एक टोपलं

उकंडाभाऊंना कुणी सांगितलं की अमुक पोरगा लय चांगला खेळला, तर ते एकच विचारत, "किती?"

सांगणारा गडबडून जाई. चांगला म्हणजे चांगला, त्यात किती काय? पण भाऊ उत्तराची वाट पाहत तसेच उभे. मग त्या माणसाला आठवून आठवून सांगावं लागे की बॉल सात वेळा हिसकावला, चुकीचा पास तीनदा दिला, गोल एक मारला. "हां," भाऊ म्हणत, "आता समजलं."

हा माणूस मला आवडू लागला तो या एका शब्दामुळे. मी जवळच्या शेलूबाजारला कृषी सेवा केंद्र चालवतो आणि गावच्या हॉकी टीमची वही ठेवतो. खेळता मला कधीच आलं नाही, पण मोजता येतं. वहीत आजवर पंधरा सीझन आहेत. सात वेळा आम्ही सेमीफायनलला गेलो, त्यातल्या दोन वेळा फायनलला. कप एकदाही नाही. हे आकडे मी कुणाला आपणहून सांगत नाही, पण विचारलं तर लपवतही नाही.

आमच्या गावात हॉकी कशी, असं बाहेरचे विचारतात. मी शाळेत होतो तेव्हा एक ड्रिलमास्तर बदलून आले. येताना पोत्यात बारा स्टिका बांधून घेऊन आले. तीन वर्षांनी मास्तर बदलून गेले, स्टिका राहिल्या. त्या मोडल्यावर पोरांनी बाभळीच्या केल्या, मग कुणीकुणी बाहेरून आणल्या. आता आमच्यासह आजूबाजूच्या आठ गावांच्या टीमा आहेत आणि दिवाळीनंतर त्यांच्यात स्पर्धा होते. आमच्याकडे लग्न जमवताना पोरगा कोणत्या जागेवर खेळतो हेही विचारतात. सेंटर फॉरवर्डला स्थळं लवकर येतात.

उकंडाभाऊ कधीच खेळले नव्हते. मैदानाला लागून त्यांचं दीड एकराचं वावर, त्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बॉल वांग्यात जायचा. सुरुवातीला ते बॉल परत द्यायला भांडत यायचे. असंच एकदा भांडून झाल्यावर पोरं खेळायला लागली आणि भाऊ परत जायचे विसरले. त्या दिवसानंतर वांग्याला पाणी देण्याची त्यांची वेळ बदलली. मॅच संपेपर्यंत मोटर चालू करायची नाही, कारण आवाजाने अंपायरची शिट्टी ऐकू येत नाही.

उंच, वाळकुडे, खांद्यावर दुपट्टा, पायजमा घोट्याच्या वर चार बोटं. ते टाळ्या वाजवत नसत. बॉलकडेही पाहत नसत. बैलबाजारात गिऱ्हाईक जसं खुरांकडे पाहतं तसं ते खेळणाऱ्यांच्या पायांकडे पाहत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बॉल तं सगळेच पायतात. बॉल कोठी जाऊन राह्यला हे पायालेच आधी समजते."

टोपल्याचा नियम त्यांचा. तो आधी सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी सगळे हॉकीवाले मैदानावर जमतात. खेळणारे कमी, बोलणारे जास्त. यंदा कप येतो की नाही, कुणाला पुढे खेळवायचं, कुणाला बसवायचं, यावर सकाळपासून दुपारपर्यंत वाद चालतो. आमच्या मैदानात तेव्हा गोटे फार होते. बॉल सरळ येता येता गोट्याला लागून उसळायचा. वहीतल्या तिसऱ्या सीझनला आमच्या गोलकीपरची भुवई अशाच बॉलने फुटली, सहा टाके पडले. पुढच्या वर्षीच्या बैठकीत सगळे तावातावाने बोलत होते की गोलकीपर भितो, पुढे येत नाही. उकंडाभाऊ उठले, वावरात गेले, टोपलं घेऊन आले आणि मैदानात वाकून गोटे वेचायला लागले. टोपलं भरल्यावर कडेला नेऊन रिकामं केलं आणि परत येऊन बसले.

"आता मी बोलतो," म्हणाले. "गोलकीपर भीत नाही. तो हुशार हाय. तुमी जाऊन उभे राहा त्याच्या जागी. ज्याले बोलायचं त्यानं एक टोपलं गोटे वेचा अन मंग बोला. तोंड चालते तं हातही चालू द्या."

लोक हसले. पण गंमत म्हणून दोघातिघांनी वेचले, आणि ज्यांनी वेचले त्यांचंच म्हणणं त्या दिवशी ऐकलं गेलं. पुढच्या वर्षी नियमच झाला. एका मताला एक टोपलं. दुसऱ्याचं खोडायचं असेल तर दुसरं टोपलं. मी दर वर्षी टोपली मोजली. दहा सीझनांत सहाशे अकरा.

नियमाने एक फायदा झाला, फालतू बोलणं कमी झालं. गजानन तेवढा सुटला. गजानन म्हणजे आमच्या गावचा सलूनवाला. दर वर्षी त्याचं मत एकच असतं, यंदा कप आपला. एका बैठकीत तो इतक्या झटपट टोपलं भरून आला की मीच चकित झालो.

"यंदा कप आपला," त्याने सुरू केलं. "मी लेहून देतो..."

"थांब बाबू," भाऊ म्हणाले. त्यांनी टोपल्यातला एक गोटा उचलून हातात फिरवला. "हा धुतलेला हाय. जमिनीतला गोटा माती घेऊन वर येते. हा तू ढिगाऱ्यावरचा उचलला."

"गोटा तं गोटाच हाय ना भाऊ."

"मंग मतही मांगच्याच सालचं असन."

गजानन हसत हसत परत गेला आणि खरंच नवं टोपलं भरून आला. मत मात्र मागच्याच वर्षीचं होतं.

भाऊंचं स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी. ते आकड्यात येई. "मांगच्या साली पेनल्टी कॉर्नर एकवीस भेटले. गोल झाले दोन. मास्तर असते तं त्यायनं कान धरला असता." मग ते माझ्याकडे पाहत आणि मी वही उघडून मान हलवी. एकवीस आणि दोन बरोबर असत. ते वही कधी पाहत नसत, डोक्यात ठेवत. दहा वर्षांत त्यांचा अंदाज आठ वेळा खरा ठरला. दोन वेळा चुकला, दोन्ही वेळा आम्ही त्यांच्या अंदाजापेक्षा लवकर हरलो होतो.

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगतो. तिच्यात आम्ही सगळेच होतो, मी पण.

सहाशे अकरा टोपली गोटे निघाले म्हणजे तेवढेच खड्डेही झाले, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मैदान देवीचे व्रण पडलेल्या तोंडासारखं दिसायला लागलं. चौदाव्या सीझननंतरच्या उन्हाळ्यात गावचा तलाव आटला आणि गाळ न्यायची मुभा मिळाली. सगळे जण वावरात गाळ टाकत होते. उकंडाभाऊ तलावाच्या काठावर उभे राहिले, मूठभर गाळ हातात घेतला, चुरला, वास घेतला.

"सोनं हाय," म्हणाले. "मैदानात टाकू."

एवढ्या मोठ्या गावात एकही माणूस नाही म्हणाला नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली माणसं. चांगली माती ती चांगली, हे आमच्या हाडात आहे. ती कशासाठी चांगली, हा प्रश्नच पडला नाही. मी कागदावर हिशेब करून दिला की तीन इंचांचा थर द्यायला एकशे वीस ट्रॉल्या लागतील. दोन ट्रॅक्टर, दहा दिवस. बरोबर एकशे वीस लागल्या. हिशेब माझा चुकला नाही, माती चुकली.

पावसाळ्यात मैदानावर गुडघाभर गवत आलं. असं गवत कुणाच्या बांधावर नव्हतं. लोक कौतुकाने पाहायला यायचे. भाऊंनी एक दिवस गवत उपटून मुळ्या दाखवल्या, "पाय, माती कशी धरली." दिवाळीच्या सुमाराला ऊन तापलं, गवत कापलं आणि खालून जमीन दिसली. काळी, चकाकणारी, आणि दोन दोन बोटं फाटलेली. पोरांनी पहिल्या दिवशी बॉल टाकला तो दहा पावलांवर भेगेत जाऊन बसला. काढायला स्टिकेने उकरावं लागलं.

त्या वर्षी सेमीफायनल आणि फायनल आमच्या मैदानावर व्हायची होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाळी आली होती. स्पर्धेच्या समितीचा माणूस मैदान पाहायला आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, एकदा त्याच्या बुटाची टाच अडकली. परत येऊन म्हणाला, "इथं तूर चांगली येईल."

कुणी हसलं नाही. त्याने पाच आठवडे दिले. तोवर मैदान खेळण्यासारखं झालं तर ठीक, नाही तर सामने दुसऱ्या गावाला.

त्या संध्याकाळी सगळे मैदानाच्या कडेला उभे होते. गजानन म्हणाला, "हे साल सोडून द्या. दुसऱ्याच्या मैदानावर खेळू."

"भाऊ, तुमी काही बोला," कुणीतरी म्हणालं.

उकंडाभाऊ भेगांकडे पाहत म्हणाले, "माती म्या टाकायला सांगतली. मीच काढतो. अन मैदान पास होईपर्यंत माहं मत नाही. कायलेच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हा ते एकटे मैदानात होते. फावडं, घमेलं, आणि गोलपोस्टाच्या कोपऱ्यात एका खाटेएवढी जागा मोकळी झालेली. ट्रॅक्टरला पाटा लावून ओढता आलं असतं, पण पाट्याने खालची वर्षानुवर्षं चोपलेली जमीनही उखडली असती. वरचा थर ट्रॅक्टरने, खालचा बोटभर हाताने, असंच करावं लागणार होतं. मी मनात गुणाकार केला. एका माणसाला त्या गतीने चौदा महिने लागले असते. मी त्यांना ते सांगितलं.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले आणि घमेलं उचललं.

तिसऱ्या दिवशी विठ्ठल आला. विठ्ठल आमचा फुलबॅक आणि उकंडाभाऊंचा जावई. सासर-माहेर एकाच गावात. आमच्याकडे जावयाने सासऱ्याच्या शेतात फावडं धरणं बरं दिसत नाही. लोक सासऱ्याला नाव ठेवतात. भाऊंनी त्याच्या हातातलं फावडं धरलं.

"जावईबापू, तुमी नका. मले लाज वाटते."

"मामाजी, मी घरी जावई," विठ्ठल म्हणाला. "अठी मी फुलबॅक हाय."

भाऊंनी फावडं सोडलं. विठ्ठल रोज पहाटे यायचा, स्वतःच्या शेतावर जायच्या आधी दोन तास. बोलायचा कमी. गजाननसुद्धा सलून उघडण्याआधी यायला लागला, आणि मग गाव आलं. निघालेली माती ज्याने काढली त्याने नेली, कुणाच्या कपाशीत, कुणाच्या मिरचीत. काम करता करता लोक टीमबद्दल बोलायचे, सेंटर हाफ कोण, गोलात कोण. बोलता बोलता भाऊंकडे पाहायचे. भाऊ खाली मान घालून खरडत असायचे. एकदा गजाननने मुद्दाम काडी लावली.

"आपला राइट विंग तं सगळ्या जिल्ह्यात एक नंबर हाय. नाही काय भाऊ?"

भाऊंचे ओठ हलले. 'किती' हा शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला आणि थुंकून फावडं चालवलं.

एकतिसाव्या दिवशी जुनी जमीन सगळी उघडी झाली. मग खड्ड्यांत मुरूम भरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. पस्तिसाव्या दिवशी समितीचा माणूस आला. चालला, वाकला, खिशातून बॉल काढून सोडला. बॉल सरळ गेला आणि हळूहळू थांबला. तो म्हणाला, "ठीक आहे." एवढंच. उकंडाभाऊ तोंड फिरवून आपल्या वावरात निघून गेले आणि बराच वेळ वांग्यांच्या ओळीत वाकून काहीतरी करत राहिले.

बैठक दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी टोपल्याचा नियम मी माफ केला, सगळ्यांनी पाच वर्षांचं काम करून ठेवलं होतं. वाद जोरात झाला. गजानन म्हणाला, कप आपला, कारण मैदान आपलं. कुणी म्हणालं, पेनल्टी कॉर्नरचा नवा पोरगा तयार झाला आहे. आकडे खरंच बरे होते. मीही, पहिल्यांदाच, वही पाहून म्हणालो की यंदा शक्यता आहे. मग सगळे भाऊंकडे पाहू लागले. पाच आठवड्यांनी त्यांना बोलायचं होतं.

"सेमीफायनल," भाऊ म्हणाले. "पुढं नाही."

"काहून?" गजानन जवळजवळ ओरडला.

"फुलबॅक हळू हाय."

विठ्ठल समोरच बसला होता. त्याच्या तळहातांवर फोडांच्या जागी घट्टे पडले होते आणि तो ते एका नखाने खरवडत होता. ते थांबलं. जावयाला चारचौघांत असं बोलणं आमच्याकडे ऐकलेलं नाही, आणि त्याच जावयाने महिनाभर यांची चूक उपसली होती. कुणीतरी काही बोलावं म्हणून मी बोललो, आणि तोंडात आला तो त्यांचाच शब्द.

"किती?"

भाऊ माझ्याकडे वळले. "पंचवीस यार्डाच्या रेषेपासून आपल्या गोलापर्यंत जावईबापूले यायले तोंडानं मोजले तं सहा आकडे लागतात. सेमीफायनलले जे समोर येतात त्यायचा लेफ्ट विंग चार आकड्यात पोचते. मी तीन साल मोजून राह्यलो."

"मंग मले बसवा, मामाजी," विठ्ठल म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"कोनाले खेळवू? तुमच्यापेक्षा बरा हाय कोन? जावईबापू, तुमी कोठी उभं राहाचं ते सगळ्यांत चांगलं समजता. पाय तेवढे हळू हायेत. मले विचारलं म्हून सांगतलं. नसतं विचारलं तं बरं झालं असतं."

त्या रात्रीचं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी घ्यायला त्यांच्या वावरात गेलो तेव्हा त्यांची मुलगी मंगला तिथे उभी होती. विठ्ठलची बायको. मी आहे हे पाहूनही ती थांबली नाही.

"महिनाभर त्यायनं माती उचलली, बाबा. चूक तुमची. अन तुमी सगळ्या गावासमोर..."

"माती उचलली म्हून पाय जोरात पयतात काय?"

"नाही पयत. मले माहीत हाय नाही पयत." तिने डोक्यावरचा पदर नीट केला. "पन तीन साल तुमी मोजत बसले. एक दिवस तरी त्यायले पयवलं काय? नुसतं मोजून काय होते?"

भाऊ मेथीची जुडी बांधत होते. त्यांनी दोरी एकदा बांधली, सोडली, परत बांधली. मंगला निघून गेली. मला जुडी देताना ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली." मला ते ऐकून बरं वाटलं नाही, कारण मोजत तर मीही बसलो होतो, पंधरा वर्षं.

सीझन चांगला गेला. आम्ही सातपैकी पाच सामने जिंकलो. सेमीफायनल आमच्या मैदानावर झाली, एवढी माणसं गावात यात्रेलाही येत नाहीत. आम्ही दोन-एकने हरलो. दोन्ही गोल त्यांच्या लेफ्ट विंगने केले, दोन्ही वेळा विठ्ठलच्या बाजूने निघून. विठ्ठल दोन्ही वेळा बरोबर जागेवर धावत होता आणि दोन्ही वेळा दीड पाऊल उशिरा पोचला.

सामना सुटल्यावर लोक भाऊंभोवती जमले. गजानन म्हणाला, "मानलं बाप्पा. जसं म्हनलं तसंच झालं."

मी त्यांना चिडलेलं त्या एका वेळी पाहिलं. "त्याचं काय कौतुक हाय बे? गारपीट येईन म्हनलं अन आली, तं काय पेढे वाटतात?" त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि गर्दीतून वाट काढत मैदानाच्या त्या टोकाला गेले जिथे विठ्ठल बसून बुटाची लेस सोडत होता. ते त्याच्याजवळ खाली बसले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. इतकंच दिसलं की विठ्ठलने लेस सोडणं थांबवलं.

सोमवारी सकाळी शेलूबाजार रस्त्यावर लोकांनी एक नवल पाहिलं. उकंडाभाऊ जुन्या सायकलवर आणि मागे विठ्ठल धावतोय. सासरा सायकलवर आणि जावई पायी, गावात तोंडाला पदर लावून हसणं सुरू झालं. भाऊंना त्याचं काही नव्हतं. विजेचा एक खांब ते दुसरा खांब हे त्यांचं अंतर, पावलांनी मोजून पंचवीस यार्डांचंच. एका खांबापासून जोरात सुटायचं, दुसऱ्यापर्यंत पोचायचं, चालत परत यायचं. रोज वीस वेळा. "चला जावईबापू," हे मात्र दर वेळी अहो-जाहो करून. सत्तरीला टेकलेला माणूस, त्याच्या सायकलला गियर नाही, ब्रेक मागचाच चालतो.

शनिवारी संध्याकाळी ते माझ्या घरी यायचे आणि आकडा सांगायचे. वहीत मी एक वेगळं पान केलं. आधी सहा, मग महिनाभर सहाच. मी म्हणालो, मोबाइलवर घड्याळ असतं, त्यात बारीक कळेल. ते म्हणाले, "मी तीन साल तोंडानं मोजलं. आता घड्याळ बदललं तं मेळ कसा लागन?" हे मला पटलं. माप बदललं की तुलना मोडते. होळीच्या सुमाराला साडेपाच झालं. त्यांनी ते सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने आतून चहा पाठवला. एरवी ते माझ्याकडे चहा घेत नसत, त्या दिवशी घेतला. उन्हाळ्यात पाच. मग परत साडेपाच, कारण विठ्ठलचा घोटा मुरगळला. पंधरा दिवस भाऊ रोज त्याच्या घरी जाऊन घोटा बघायचे आणि हळद लावायचे. जावयाच्या पायाला सासऱ्याने हात लावणं. मंगलाच म्हणाली मला, "बाबाले आता कायचीच लाज नाही राह्यली." ती हसून म्हणत होती.

पोळ्याच्या चार दिवस आधी उकंडाभाऊ झोपेतच गेले. तोवर पान भरत आलं होतं.

त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मी काळीपिवळी जीपने दुकानाला निघालो होतो. आमच्या गावाकडून शेलूबाजारला जाताना एक चढ लागतो, रात्रभर पाऊस होऊन सकाळी उघडलं होतं, डांबर अजून ओलं होतं. जीप चढाला लागली तेव्हा ते दोघं दिसले. खांब मागे पडला होता आणि ते सुटले होते. भाऊ सायकलच्या सीटवर बसलेले नव्हते. उभे राहून, अंग पुढे टाकून, एकेका पायडलवर सगळा भार देत होते, पायजमा पोटरीपर्यंत वर चढलेला, दुपट्टा कमरेला बांधलेला. तोंड उघडं होतं, मोजत होते, पण जीपच्या आवाजात आकडा ऐकू आला नाही. विठ्ठल त्यांच्या पुढे होता. पाच-सहा हात पुढे, आणि अंतर वाढत होतं.

जीपमधल्या एका बाईने खिडकीतून वाकून म्हटलं, "भाऊ, मांगं पडले तुमी."

त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांची नजर विठ्ठलच्या पायांवर होती. आमची जीप त्यांना मागे टाकून चढ चढून गेली. मी मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा ते अजून उभ्यानेच पायडल मारत होते.